विचारलंस, की नुसतं कळवलंस?

  

गेल्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. “ताई, ही देवाची इच्छा आहे की माझी, हे ओळखायचं कसं?” कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, कुणाला फ्लॅट बुक करायचाय, कुणाला गाव सोडायचंय. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही. मी नर्स आहे आणि संडे स्कूल घेते, एवढंच. त्यामुळे आज शिकवण कमी आणि साक्ष जास्त. आणि आधीच सांगते, या साक्षीत माझं कौतुक होण्यासारखं फारसं काही नाही.

बायबल जवळ असेल तर यहोशवाचा नववा अध्याय काढून ठेवा. मी गोष्ट माझ्या शब्दांत सांगते.

यरीहो पडलं होतं, आय हे नगर पडलं होतं. आसपासचे राजे घाबरले. पण गिबोन गावच्या लोकांनी लढायचं सोडून एक युक्ती केली. गाढवांवर जुनी गोणपाटं टाकली, द्राक्षारसाचे फाटके, शिवलेले बुधले घेतले, पायात ठिगळं लावलेली पायताणं घातली, अंगावर जुने कपडे, आणि शिदोरीला वाळलेली, बुरशी आलेली भाकर. असे ते गिलगालच्या छावणीत आले आणि म्हणाले, आम्ही फार लांबून आलोय, निघालो तेव्हा ही भाकर गरम होती, आता बघा. आमच्याशी करार करा.

इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी काय केलं? त्यांनी ती शिदोरी हातात घेऊन पाहिली. म्हणजे तपास केला हो त्यांनी! डोळे झाकून विश्वास नाही ठेवला. भाकर खरोखरच शिळी होती. बुधले खरोखरच फाटके होते. पण चौदाव्या वचनात एक गोष्ट नोंदलेली आहे, ती वाचली की माझ्या पोटात अजूनही कालवतं: त्यांनी परमेश्वराला विचारलं नाही.

करार झाला, शपथ झाली. तीन दिवसांनी कळलं की ही मंडळी लांबची नाहीतच, शेजारचीच आहेत. लोक पुढाऱ्यांवर कुरकुर करायला लागले. पण देवाच्या नावाने घेतलेली शपथ, ती मोडता येईना.

हे लोक वाईट नव्हते, मूर्ख नव्हते. त्यांना वाटलं, समोर सगळं स्वच्छ दिसतंय, यात काय विचारायचं? आपलंही तसंच होतं. मोठं संकट आलं की आपण उपास-प्रार्थना करतो, चेन प्रेयर लावतो. पण ज्या गोष्टी आपल्याला स्वच्छ दिसतात, त्या आपण आपल्या आपण उरकून टाकतो. आणि मग प्रार्थनेत देवाला नुसतं कळवतो.

आता माझी गोष्ट. लग्नाला पाच वर्षं झाली होती. आम्ही पिंपरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, मिस्टरांची कंपनीतली नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, मुलगी तीन वर्षांची. तेव्हा ओळखीतून एक एजंट भेटला. गल्फला नर्सची जागा आहे, पगार इथल्या चौपट, राहणं फुकट. फक्त दीड लाख रुपये भरायचे, आणि ते पंधरा दिवसांत, कारण जागा दोनच उरल्यात.

माझं मन त्याच दिवशी विमानात बसलं होतं. पण आपण विश्वासणारे, म्हणून ‘देवाची इच्छा’ बघायला पाहिजे ना! तुमच्यापैकी अनेकांच्या घरी वचनांच्या चिठ्ठ्यांचा डबा असेल. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत आपण वचन काढतो, तसाच आमच्या आईने दिलेला एक डबा आमच्या घरी आहे. मी गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि चिठ्ठी काढली. वचन निघालं धीर धरून परमेश्वराची वाट पाहण्याबद्दलचं. मी म्हटलं, हे काही नोकरीबद्दल नाही. चिठ्ठी परत ठेवली, डबा हलवला. दुसरं वचन निघालं क्षमा करण्याबद्दलचं. तेही ठेवलं. तिसऱ्यांदा अनुवादातलं ते वचन निघालं, आत येताना आणि बाहेर जाताना मिळणाऱ्या आशीर्वादाबद्दलचं. झालं! मी तशीच उठले आणि मिस्टरांना सांगितलं, “देवाने मला वचन दिलं. आपण पैसे भरायचे.”

हसू येतं ना? मलाही येतं आता. पण तेव्हा मी खोटं बोलतेय असं मला जरासुद्धा वाटलं नव्हतं. आधीच्या दोन चिठ्ठ्यांबद्दल मात्र मी घरात कुणालाच बोलले नाही. त्यावरूनच ओळखायला हवं होतं.

मिस्टर बिचारे काय बोलणार? ‘देवाने सांगितलं’ म्हटल्यावर समोरच्याचं तोंडच बंद होतं. त्यांनी माझं मंगळसूत्र आणि त्यांच्या आईच्या पाटल्या गहाण ठेवायची तयारी केली.

त्या आठवड्यात आमच्या घरी कॉटेज मीटिंग होती. साक्षीच्या वेळी मी उभी राहून सांगितलं की प्रभूने दार उघडलंय. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीटिंग संपल्यावर कप विसळायला मंडळीतल्या एक मावशी माझ्यासोबत आत आल्या. विधवा बाई, चौथी शिकलेल्या, आयुष्यभर दवाखान्यात आयाचं काम केलेलं. त्या कप धुता धुता म्हणाल्या, “बाई, तू देवाला विचारलंस, की नुसतं कळवलंस?”

मला राग आला. खरं सांगते, मी त्यांना पुढचा रविवारभर बोलले नाही. पण तो प्रश्न जाईना. ड्युटीवर इंजेक्शन भरताना तोच प्रश्न. शेवटी एका रात्री मुलगी झोपल्यावर मी पुन्हा गुडघ्यांवर गेले, या वेळी डब्याशिवाय. आणि पहिल्यांदा असं म्हटलं: “प्रभू, मला जायचंय. फार जायचंय. पण तू नाही म्हणालास तर मी थांबेन.” हे दुसरं वाक्य उच्चारायला मला किती वेळ लागला, ते मलाच माहीत.

आवाज आला नाही, स्वप्न पडलं नाही. फक्त माझी घाई गेली. घाई गेल्यावर साध्या गोष्टी सुचायला लागल्या. व्हिसाचा कागद आपण वाचलाच नाही, तो वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवावा, एवढी अक्कल आली. मिस्टरांच्या कंपनीत एक जण गल्फला नोकरी करून आलेले होते. त्यांनी अरबी वाचून सांगितलं, “मॅडम, यात नर्स लिहिलेलं नाही. घरकामगार लिहिलंय.”

जाता जाता कामाचं सांगते, कारण ऐकणाऱ्यांत नर्सेस खूप आहेत. परदेशात कामाला पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट या वेबसाइटवर बघता येतं. आणि नोंदणीकृत एजंटने घ्यायच्या सेवाशुल्काला नियमाने मर्यादा आहे, ३०,००० रुपये अधिक जीएसटी. कुणी लाख-दीड लाख मागत असेल तर तिथेच थांबा. हे बघणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. देवाने दिलेले डोळे वापरण्यासाठीच दिलेत. गिबोन्यांची भाकर तपासली ही इस्राएलाची चूक नव्हती. नुसती भाकरच तपासली, ही चूक होती.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने, घरातल्या माणसांबद्दल. आपल्या सर्वांना रेव्हरंड नारायण वामन टिळक माहीत आहेत. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, तिथून त्यांचा शोध सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण लक्ष्मीबाई? त्या लगेच मागोमाग गेल्या नाहीत. दोघं काही वर्षं वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई आपल्या वेळेने, आपल्या डोळ्यांनी बघत बघत ख्रिस्ताकडे आल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दर वेळी हेच जाणवतं. एकाच घरात देव दोघांना दोन वेगळ्या चालींनी चालवतो. म्हणून आपल्याला मिळालेलं मार्गदर्शन दुसऱ्याच्या डोक्यावर काठीसारखं मारू नये. मी माझ्या नवऱ्याला मारलं होतं. त्याची मी नंतर क्षमा मागितली.

इथे गोष्ट संपवली असती तर छान साक्ष झाली असती. बहिणीने प्रार्थना केली, फसवणुकीतून वाचली, हालेलुया. पण यानंतरची गोष्ट सांगितली नाही तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नेवासा तालुक्यात शेती करायचे. थोडा ऊस, थोडी ज्वारी. चार वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला, नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या एका दवाखान्यात ॲडमिट केलं. वय ७६. मी रात्रीच पोचले. भाऊ, वहिनी, धाकटी बहीण, सगळे माझ्याकडे बघत होते. “ताई, तू नर्स आहेस. तू सांगशील ते.” तिथले डॉक्टर म्हणाले, हलवण्यात धोका आहे, पण इथे ठेवलं तरी खात्री देता येत नाही, तुम्ही ठरवा.

मी रिपोर्ट पाहिले. ऑक्सिजनचा आकडा पाहिला. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. पंधरा मिनिटांत ॲम्ब्युलन्स सांगितली. दादा मास्कमधून एकदाच बोलले, “घरी न्या.” मी म्हटलं, “दादा, बरं झाल्यावर घरीच न्यायचंय.”

मी प्रार्थना केली का? केली ना. ॲम्ब्युलन्स शिरूरच्या पुढे गेल्यावर केली. “प्रभू, आम्ही नेतोय, तू सांभाळ.” पुन्हा कळवलंच होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे दादा प्रभूत निजले. आयसीयूत, काचेच्या पलीकडे. भाऊ मला रागावून काही बोलला नाही. मातीच्या वेळी फक्त एवढंच म्हणाला, “आपल्या घरात गेले असते.”

प्रियांनो, त्या एका वाक्याने मी दीड वर्ष झोपले नाही असं म्हटलं तरी चालेल. मंडळीत लोक म्हणायचे, देवाची इच्छा. मी मनात म्हणायचे, देवाची कशी? निर्णय माझा होता. आदल्या वेळी मावशींनी शिकवलेला धडा मी ऐन वेळी विसरले होते. आणि मला वाटायला लागलं, ज्या वळणावर मी देवाला विचारलं नाही, त्या वळणापासून तो मागेच राहिला असेल. आता पुढचा रस्ता माझा एकटीचा.

मग एके दिवशी संडे स्कूलच्या मुलांसाठी पाठ तयार करताना मी यहोशवाचा नववा अध्याय वाचला आणि सवयीने तिथेच न थांबता दहावाही वाचला. तो मी लहानपणापासून ऐकलेला, सूर्य थांबला तो अध्याय. पण तो सूर्य कुणासाठी थांबला, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पाच राजे एकत्र येऊन कुणावर चालून गेले? गिबोनावर! त्याच गावावर, ज्याच्याशी न विचारता करार झाला होता. गिबोन्यांनी निरोप पाठवला, आम्हाला वाचवा. आता देवाने म्हणायला हवं होतं की नाही, “मला विचारून करार केला होता का? निस्तरा तुमचं तुम्ही.” देव तसं म्हणाला नाही. तो यहोशवाला म्हणाला, भिऊ नकोस. यहोशवा रातोरात गिलगालहून निघाला आणि देव त्याच्या बाजूने लढला. जो करार देवाला न विचारता झाला, त्या करारातल्या माणसांना वाचवायला देव स्वतः आला.

मी वही बाजूला ठेवली आणि खूप रडले.

त्याने माझा निर्णय बरोबर ठरला का? नाही. दादांना हलवायला नको होतं की हवं होतं, हे मला आजही माहीत नाही. घरी ठेवलं असतं तर कदाचित मी उलट्या बाजूने रडले असते. पण एवढं मला कळलं की देवाचं मार्गदर्शन म्हणजे प्रत्येक वळणावर पाटी लावून तो निघून जात नाही. तो सोबत चालतो. पाटी चुकली तरी सोबत सुटत नाही.

तेव्हा मला दादांचीच एक गोष्ट आठवली. आमच्याकडे शेतीची लाईट बरेचदा रात्रीची असते, शेतकरी ऐकत असतील त्यांना ठाऊक आहे. उसाला पाणी द्यायला दादा रात्री दोन वाजता निघायचे आणि कधी कधी मला सोबत न्यायचे. माझ्या हातात बॅटरी. मला अंधाराची भीती, म्हणून मी बॅटरी लांब मारायची, बांधाच्या त्या टोकाला, विहिरीकडे. दादा म्हणायचे, “पोरी, लांब नको मारू. पायाजवळ धर. साप पायाजवळ असतो.”

एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात देवाच्या वचनाला पावलांपुढचा दिवा म्हटलंय, ते मला तेव्हापासून असंच समजतं. त्या काळचा दिवा म्हणजे तेलाची पणती. तिच्या उजेडात पुढचं एक पाऊल दिसेल, फार तर दोन. देवाकडे आपण सर्चलाइट मागतो. मुलगी त्या घरी सुखी राहील का, दहा वर्षांनी फ्लॅटचा भाव काय होईल, सगळं आत्ता दाखव. आणि तो म्हणतो, पायाजवळ बघ.

मग पायाजवळ काय बघायचं? मी माझ्यापुरतं जे करते ते सांगते.

एक तर, जे देवाने आधीच सांगून ठेवलंय त्यासाठी चिठ्ठी काढायची नाही. खोटं कागदपत्र जोडून लोन घेऊ का, आईवडिलांना सांभाळू का, भावाशी बोलू का, याची उत्तरं पवित्र शास्त्रात आहेतच. तिथे ‘मार्गदर्शन मिळत नाही’ म्हणणं म्हणजे उत्तर आवडलं नाही एवढंच.

दुसरं, ‘नाही’ म्हणू शकेल अशा एका तरी माणसाला विचारायचं. आमेन म्हणणारे पुष्कळ मिळतात. कप विसळताना टोचून बोलणारी मावशी शोधा, आणि ती बोलली तर माझ्यासारखं रविवारभर रुसू नका.

तिसरं, शक्य असेल तिथे एक रात्र मधे जाऊ द्यायची. ‘आजच्या आज सांगा’ म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाच्या शिदोरीत मला आता बुरशी आलेली भाकर दिसते. आणि एक रात्र थांबायला वेळच नसेल, तुम्ही कॅज्युअल्टीच्या दारात उभे असाल, तर एक श्वास तरी थांबा आणि म्हणा, “प्रभू, मला कळत नाही. तू सांग.” हे कळवणं नाही, हे विचारणं आहे. याला पाच सेकंदं लागतात. मला त्या रात्री ती पाच सेकंदं मिळाली असती. आणि आजारी माणूस स्वतः काही सांगत असेल, तर ते ऐका. कदाचित उत्तर मास्कच्या आतूनच येत असेल.

आणि शेवटचं, ज्यांनी विचारलं नाही आणि आता पस्तावतायत त्यांच्यासाठी. चुकीच्या नोकरीत असाल, न विचारता घेतलेल्या कर्जाचे हप्ते फेडत असाल, माझ्यासारखं एखादं वाक्य उराशी घेऊन जगत असाल. आज जिथे उभे आहात तिथूनच विचारा. गिबोनाच्या वाटेवरही देव होता.

गेल्या नाताळात मी भावाकडे गेले होते. रात्री तो पाणी द्यायला निघाला. मी म्हटलं, मीही येते. बांधावरून चालताना मी त्याला पहिल्यांदा विचारलं, “तुझ्या मनात अजून आहे का रे?” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आहे थोडं. पण तू एकटीने नव्हतं ठरवलं, ताई. आम्ही गप्प बसलो होतो.” आणि बॅटरी माझ्या हातात दिली. यापुढे आमच्यात काय आणि किती बरं होईल, ते मला दिसत नाही. तेवढं एक पाऊल दिसलं, ते टाकलं.

चला, प्रार्थना करू या. गाडी चालवत असाल तर डोळे उघडेच ठेवा.

हे स्वर्गीय पित्या, आम्ही पुष्कळदा तुला कळवतो आणि त्यालाच विचारणं म्हणतो, त्याची आम्हाला क्षमा कर. आज जे भाऊबहीण निर्णयाच्या दारात उभे आहेत, त्यांची घाई काढून घे. तुझं ‘नाही’ ऐकायचं धैर्य दे. टोचून बोलणारी, प्रेम करणारी माणसं त्यांच्याजवळ ठेव. आणि जे चुकलेल्या वाटेवर आहेत, त्यांना तुझ्या पावलांचा आवाज त्याच वाटेवर ऐकू येऊ दे. आमच्या पायाजवळ उजेड धर. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.

पुढच्या भागात भेटू. तोवर देव तुम्हाला सांभाळो.